टरबूज कुठं थांबते

पाचपावलीच्या रात्रशाळेत
साडेआठला कूलर सुरू होतो, पावणेनऊला वीज जाते,
आणि ओल्या गवताचा वास तेवढा वर्गात उरतो.
त्या वासात, मोबाइलच्या उजेडात,
मी खडूनं अन्वस्त काढला,
पालथ्या कढईसारखा.

"पेपरात येते काय जी हे?"
सेवकराम धकाते. वय एकेचाळीस, सतरा नंबरचा फॉर्म,
दिवसभर कळमन्यात हमाली.
नाही येत, म्हटलं. तरी बघा.

उणे एक्स वर्ग, अधिक सहा एक्स, उणे पाच.
एकवर टेकतो, पाचवर टेकतो.
बेरीज सहा, निम्मे तीन.
तीनवर उभी रेघ मारा, तो सममिती अक्ष.
कागद तिथं दुमडला की
एक बाजू दुसरीवर बसते, कुठं कोपरा निघत नाही.
आता एक्सच्या जागी तीन घाला. चार येतात.
तीन, चार. हा शिरोबिंदू.
याच्या वर या अन्वस्ताचं काही नाही.

तो फळ्याकडं बघत राहिला,
एवढा वेळ की मला वाटलं, झोपला.
"हे त टरबूज होय," म्हणाला.

आणि उभा राहून हात करून दाखवले.
ट्रकवरून फेकलं की जाते, जाते,
मंग एका जागी थांबते.
"वजनच नसते जी त्याले तिथं.
हातात आलं की पुन्हा पाच किलो."

थांबत नाही, मी म्हटलं.
चढणं तेवढं थांबतं. पुढं जातच असतं.

"बरं. पण मी ट्रकवर, पकडणारा खाली.
मंग ते आमच्या बरोब्बर मधात कसं थांबन?"

एकोणीस वर्षं शिकवते आहे.
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता,
आणि मीही कुणाला नाही.
मधात नाहीच ते, सांगितलं. तुमच्याकडं सरकलेलं आहे.
टरबूज उतरता उतरता
तुमच्या हाताच्या उंचीला परत येतं ना, ती जागा धरा.
तिचं आणि तुमचं निम्मं करा.
माणसांतलं अंतर मोजू नका,
उंची सारखी लागते.

"खाली कोण असतो?"
"पुनाराम. साळा होय माहा."
जरा थांबून: "प्लॉटावरून वाजलं. सहा वर्षं झाले, बोलत नाही."
आणि टरबुजं?
"एक नाही फुटलं."

वीज आली. कूलर खोकला.
मी पाच पुसून तिथं दहा लिहिले. उणे दहा.
अख्खा अन्वस्त रेषेखाली बुडाला,
आता तो कुठंच टेकत नव्हता, मुळंच नव्हती त्याला.
"मंग रेघ?"
तिथंच. तीनवर.
त्यानं वहीत तीनखाली दोनदा अधोरेखा मारली,
कागद फाटला थोडा.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर जायच्या आत,
मी कळमन्याला गेले. घरी पाहुणे होते, टरबूज हवं होतं,
असं स्वतःला सांगत.

ट्रकवर आज तिसराच कुणी होता.
हे दोघं खाली, साखळीत, एकाच उंचीवर,
आणि त्यांच्या मधोमध डांबरावर
खडूची पांढरी रेघ.
माझ्याच डब्यातला खडू असावा.

चहाचा पोरगा किटली घेऊन रेघेवरच उभा,
डोक्यावरून टरबूज जातंय याची त्याला फिकीर नाही.

पुनारामनं पोराला म्हटलं,
"त्याले इचार, हे काय मारून ठेवलं रस्त्यावर?"

सेवकराम पोराकडंच बघत,
दोन्ही हात टरबुजाखाली:
"सांग त्याले, पेपरात येत नाही."

आणि फेकलं.
पोरानं मान वर केली.